देमारपटातील हसू : मास्टर भगवान यांच्या निमित्ताने एक अभ्यास

जत्रेच्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा फड भरतो. दोन पैलवानांनी आतून संगनमत करून नुरा कुस्ती लावली, तर आखाड्याभोवतीची मंडळी ती क्षणात ओळखतात आणि आरडाओरडा करून दोघांना बाहेर काढायला लावतात. हीच मंडळी रात्री तमाशाच्या तंबूत बसतात. तेथे वगातील शिपाई सोंगाड्याला बदडतो. मार खोटा आहे हे सर्वांना ठाऊक असते, तरी लोक पोट धरून हसतात. येडगावच्या शेजारचे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. त्यामुळे आपल्या परिसरातील विद्यार्थ्याला ही दोन्ही दृश्ये परकी नाहीत. मग दुपारचे खोटे आपणास संताप का आणते आणि रात्रीचे खोटे हसू का आणते? मारामारीच्या विनोदी चित्रपटाचा अभ्यास करताना हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

आपल्याकडे या प्रकारचे चित्रपट सातत्याने काढणारा कलावंत म्हणजे मास्टर भगवान. भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार. व्यायामाची आवड आणि पडद्याचे वेड घेऊन हा तरुण मूकपटात शिरला. १९३८ साली ‘बहादूर किसान’च्या दिग्दर्शनात त्यांचा सहभाग होता, आणि पुढील दहा-अकरा वर्षे त्यांनी एकामागून एक स्वस्तातले देमारपट काढले. पोशाखाची आखणी, नटमंडळींच्या जेवणाची सोय, सारे स्वतः पाहायचे. एकेक चित्रपट पासष्ट हजार रुपयांत पुरा केल्याचे सांगतात. या चित्रपटांचा प्रेक्षक मुख्यतः कामगारवर्ग होता. पडद्यावर भगवान बहुधा भोळाभाबडा गडी असत. पुढे १९४२ मध्ये ते निर्माते झाले आणि १९४७ मध्ये चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला.

भोळा गडी हा या विनोदाचा कणा आहे. बलदंड नायकाने दहा जणांना लोळवले तर आपण टाळ्या वाजवतो, हसत नाही. परंतु ज्याला भांडायचेच नाही, जो पळू पाहतो आणि पळता पळता ज्याच्या हातून गुंड आडवा होतो, त्याला पाहून हसू येते. चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मधील मुष्टियुद्ध आठवावे. तो पंचाच्या पाठीमागे दडतो. पंच, प्रतिस्पर्धी आणि तो असे तिघेही एका लयीत डोलू लागतात. पाहता पाहता मारामारीचा नाच होतो. हाँगकाँगचा जॅकी चॅन लहानपणी पेकिंग ऑपेराच्या कडक शाळेत कसरत, गायन आणि अभिनय एकत्रच शिकला. १९७८ च्या ‘ड्रंकन मास्टर’ मध्ये त्याने एका थोर गुरूची भूमिका खोडकर, आळशी पोराच्या रूपात रंगवली आणि त्याची कीर्ती पसरली. येथेही सूत्र तेच : अंगात कौशल्य पुरेपूर असावे, परंतु ते गबाळेपणाच्या पांघरुणाखाली झाकलेले असावे.

लय हाच प्राण असल्यामुळे मारामारीकडून नृत्याकडे जाणारी वाट फार लांबची नाही. राज कपूर यांच्या सल्ल्याने भगवान सामाजिक कथेकडे वळले आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. गीता बाली नायिका, संगीत सी. रामचंद्र यांचे. त्यातील भगवान यांच्या छोट्या, सैल पावलांचे पुढच्या पिढ्यांनी अनुकरण केले. ती पावले देमारपटाच्या वर्षांतच घडली, असे मला वाटते. ठोसा चुकविणाऱ्या माणसाला तोल राखावाच लागतो.

परंतु या प्रकाराची दुसरी बाजू सांगितल्यावाचून अभ्यास पुरा होत नाही. १९४२ च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवान यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. थप्पड खरीच जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, तरी डोळा कायमचा अधू राहिला. नायिका म्हणून नाव मिळविणाऱ्या या अभिनेत्रीला चरित्रभूमिकांकडे वळावे लागले. त्यातून त्यांनी खाष्ट सासू अजरामर केली, हे त्यांचे कर्तृत्व. त्याने त्या थप्पडेचे समर्थन होत नाही. वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’ (२०१८) या मुंबईत घडणाऱ्या विनोदी मारधाडपटात नायकाला वेदनाच जाणवत नाहीत. ती कल्पना पडद्यावर गमतीची आहे. पडद्यामागच्या नटाला मात्र वेदना होतात.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. नुरा कुस्तीत दोघे मिळून प्रेक्षकाला फसवतात. विनोदी मारामारीत दोघे आणि प्रेक्षक असे तिघेही कटात सामील असतात. मारणाऱ्याने हात आवरलेला आहे, हा विश्वास असेल तरच हसू फुटते. मार खाणारा जितका कुशल, तितकाच मारणारा सांभाळून घेणारा हवा. तो विश्वास तुटला की विनोद संपतो.

कमी पैसा हा येथे अडसर ठरतोच असे नाही. मालेगावच्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’मध्ये डाकूंना घोड्यांऐवजी सायकलींवर बसविले. उणीव झाकण्याऐवजी त्यांनी तिचाच विनोद केला. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटामुळे ही खटपट जगापुढे आली. मात्र काटकसर कोठे करावी याला मर्यादा आहे. घोडा नसला तरी चालेल, तालीम नसून चालणार नाही.

भगवान यांचा उत्तरकाळ हलाखीत गेला. जुहूचा बंगला आणि मोटारी गेल्या. ते दादरच्या चाळीत राहिले आणि २००२ साली निवर्तले. ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटाने त्यांची आठवण जागविली, पण ती मुख्यतः गाण्यांची. देमारपटांना समीक्षेने कधी जवळ केले नाही. गिरणीतून थकून आलेल्या माणसाला दोन घटका हसविणे हे हलके काम मानले गेले.

आज आपले विद्यार्थी स्नेहसंमेलनात प्रहसने बसवितात, मोबाईलवर लघुपट काढतात, आणि त्यात मारामारी हटकून असते. त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक फटका आधी संथ गतीने, अंक मोजून बसवावा. कॅमेरा अशा बाजूस ठेवावा की हात आणि गाल यांतील अंतर दिसू नये. म्हणजे स्पर्शाची गरज उरत नाही. आणि जोडीदाराने ‘थांब’ म्हणताच थांबावे, मग दृश्य कितीही रंगलेले असो. दृश्य पुन्हा घेता येते; डोळा पुन्हा मिळत नाही.