डांगी गाईचे बियाणे

घाटघरचा पाऊस तुम्हांला काय सांगायचा! नाणेघाटातून कोकणचा वारा वर येतो. जीवधन दिवसच्या दिवस ढगात बुडून जातो. अशा दिवसांत भाताच्या खाचरात गुडघाभर चिखल होतो. त्या चिखलात नांगर ओढणे हे येरागबाळ्या बैलाचे काम नव्हे. देशावरच्या बैलाचे खूर भिजून मऊ पडतात. तो काकडतो आणि बसून घेतो.

डांगी बैल मात्र उभा राहतो. का बरे? त्याच्या कातडीवर हात फिरवून पाहा. हाताला तेलकट लागते. कातडीतूनच तेल पाझरते, म्हणून पाणी अंगावर ठरत नाही. खूर काळे आणि टणक असतात. पांढऱ्या अंगावर काळे नाहीतर तांबडे ठिपके असतात. त्या ठिपक्यांवरून जुन्या माणसांनी नावेही ठेवली आहेत. पारा, बहाळा, मणेरी, शेवरा. ह्या गाईचे मूळ घर म्हणजे डांग, नाशिककडचे डोंगर आणि हरिश्चंद्रगडापलीकडचा अकोल्याचा भाग.

गाय दूध थोडे देते, हे खरे. तिची किंमत बैलात होती. आता खाचरात पॉवर टिलर आला. दूध हवे म्हणून लोक जर्सीचे रेतन करू लागले. वळू कोण पोसणार? गोऱ्हा दिसला की बडवला. असे चालले तर जात विरळ होत जाते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

भाताचे बी आपण कणगीत राखून ठेवतो. मग गाईचे बी कसे राखायचे?

त्याचीही युक्ती निघाली आहे. घराची भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे असते. पेशी फार बारीक, डोळ्यांना न दिसणारी. पण तिच्या पोटात साऱ्या जनावराचा आराखडा असतो. रंग कसा, खूर कसे, कातडी कशी, सारे त्यात असते. म्हणून डॉक्टर जनावराच्या कानाच्या कडेचा एक लहानसा तुकडा घेतात. गाय मरत नाही, आजारी पडत नाही. त्या तुकड्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवतात. मग त्या पातळ नायट्रोजनमध्ये ठेवतात. हा नायट्रोजन केवढा थंड? शून्याखाली १९६ अंश! तिथे पेशी झोपून राहते. वर्षानुवर्षे ठेवा, नासत नाही. मात्र नायट्रोजन उडून जातो. तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. एकदा विसर पडला की कणगीला घूस लागलीच म्हणा.

१९८४ साली देशातल्या जनावरांच्या जाती राखण्यासाठी सरकारी संस्था निघाली. ती आता हरियाणात कर्नाल येथे आहे. तिथे अशी पेढी आहे. वळूचे वीर्यही असेच गोठवून ठेवतात.

आता त्या पेशीचे वासरू कसे होते? एका गाईचे अंडे घेतात. त्याचा गाभा काढून टाकतात. जागा रिकामी झाली. तिथे राखलेली पेशी घालतात आणि विजेचा हलका झटका देतात. दोन्ही एकजीव होतात. सात-आठ दिवस भांड्यात वाढले की ते दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात ठेवतात. नऊ महिन्यांनी वासरू होते. ते ना अंडे देणारीच्या जातीचे, ना पोटात वाढवणारीच्या. जिची पेशी, तिचे ते जणू जुळे भावंड!

१९९६ साली स्कॉटलंडात डॉली नावाची मेंढी अशी जन्मली. २७७ खटपटी केल्या, तेव्हा एक कोकरू हाती आले. कर्नालच्या दुसऱ्या एका संस्थेत २००९ साली म्हशीचे पारडू झाले. पहिले थोड्याच दिवसांत गेले. दुसरी, गरिमा, दोन वर्षांच्या वर जगली. त्याच संस्थेत १६ मार्च २०२३ रोजी गंगा नावाची गीर कालवड जन्मली. वजन ३२ किलो. अंडे साहिवाल गाईचे, पेशी गीर गाईची, पोट संकरित गाईचे.

मग काळजी मिटली का? नाही हो. न्यूझीलंडच्या दक्षिणेला एंडरबी नावाचे बेट आहे. तिथल्या गाईंची जात संपत आली. एकच गाय उरली. तिचे नाव लेडी. १९९८ साली तिच्या पेशीतून कालवड झाली. पण ती लेडीच पुन्हा! दोघीही माद्या, दोघींचे रक्त एक. वळूशिवाय खिल्लार कुठून होणार? तिथल्या वळूंचे वीर्य आधी राखून ठेवले होते, ते तेव्हा उपयोगी पडले.

म्हणजे एका गाईच्या कानाने जात राखली जात नाही. निरनिराळ्या गावांतली, एकमेकांच्या नात्यात नसलेली पुष्कळ जनावरे लागतात. पारा हवा, बहाळा हवा, वळू हवा, म्हातारी गायही हवी. ही जनावरे शहरात नाहीत, ती डोंगरातल्या दावणीला आहेत.

म्हणून कोणी कानाचा तुकडा मागायला आला, तर घाबरू नका. पण आधी विचारा. तो तुकडा कोणत्या पेढीत जाणार? माझ्या गाईचे नाव, गाव लिहून ठेवणार का? ते कागदावर घ्या. वाचता येते आता, स्वतः वाचून पाहा. गाईची आई कोणाची, वळू कुठल्या गावचा, हे मात्र तुम्हीच सांगायचे. ते कोणत्याही भांड्यात पाहून कळत नाही. आणि यंदा ठिपक्यांचा चांगला गोऱ्हा निपजला, तर बडवण्याआधी जनावरांच्या दवाखान्यात एकदा दाखवून या.