माणूस एकाएकी बरळू लागला तर



कालपर्यंत पाण्याची पाळी तोंडपाठ असणारे आजोबा आज सकाळी सुनेला ओळखत नाहीत. रात्र की दिवस ते समजत नाही. "बैल सुटले" म्हणून दाराकडे धावतात, नाहीतर भिंतीशी बोलत बसतात. अशा वेळी घरात तीन मतं पडतात. एक म्हणतो वय झालं, दुसरा म्हणतो बाहेरचं काहीतरी आहे, तिसरा म्हणतो डोकं फिरलं. या वादात जो वेळ जातो तोच रोग्याला महाग पडतो. म्हणून या अंकात या विषयाची माहिती देत आहोत.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात धरावी. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत आलेला भ्रम हा बहुतेक वेळा शरीरातल्या दुखण्याचा असतो. जुनी माणसं "तापात वात झाला" म्हणत, ते याच अनुभवातून. म्हातारपणचा विसराळूपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. हा भ्रम एकदम येतो, सकाळी कमी तर रात्री जास्त असा खालीवर होतो, आणि रोग्याचं लक्ष एका जागी ठरत नाही. रविवारपासून वार उलटे म्हणायला सांगा. एरवी म्हणणारा माणूस दोन वारांतच अडखळला तर गडबड आहे असं समजावं. आणखी एक. सगळेच आरडाओरडा करत नाहीत. काही रोगी नुसते गप्प पडून राहतात, जेवत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत. "झोपलेत, झोपू द्या" म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि तेच जास्त धोक्याचं.

विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण आधी फ्यूज बघतो, मग मोटार उघडतो. डॉक्टरही असेच क्रमाने जातात. नाडी, रक्तदाब, ताप, श्वास आणि रक्तातला प्राणवायू पाहतात. बोटाला टोचून साखर लगेच तपासतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण चुकलं, तर साखर ७० च्या खाली जाऊन माणूस बरळू शकतो. मग डोळ्यांच्या बाहुल्या, मानेचा ताठपणा, हातापायांतली ताकद बघतात. त्यानंतर रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, छातीचा फोटो. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग अंगात ताप नसतानाही असू शकतो. रक्तातलं मीठ म्हणजे सोडियम उतरलं, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलं, तरी भ्रम होतो.

डोक्याला मार, लुळेपणा किंवा वाचा अडखळणं असेल तर मेंदूचा सी.टी. स्कॅन करतात. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीही मेंदूवर रक्त साकळू शकतं, म्हणून मागची पडझडही सांगावी. ताप आणि मान ताठ असेल तर पाठीतून पाणी काढून तपासतात. "पाणी काढलं की माणूस लुळा होतो" या भीतीपोटी नातेवाईक सही देत नाहीत. ही सुई पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली घालतात. मेंदूज्वर ओळखायला ही तपासणी फार मोलाची आहे.

आपल्या शेतीतली कारणंही आहेत. उन्हात राबताना माणूस बरळू लागला आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा, आणि दवाखान्याच्या वाटेवरही ते चालू ठेवावं. औषध फवारल्यावर घाम, लाळ आणि बारीक बाहुल्या दिसल्या तर विषबाधेची शंका घ्यावी. कपडे काढून अंग साबणाने धुवावं आणि डबा सोबत न्यावा. रोज दारू घेणाऱ्याची दारू एकदम सुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर सुटते, भास होतात. तिथं मारझोड नको, उपचार हवेत.

घरच्यांनी डॉक्टरांना या गोष्टी न लपवता सांगाव्यात:

१) माणूस शेवटी ठीक कधी दिसला? अर्धांगवायूत गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.
२) घरात असतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. झोपेच्या, सर्दीच्या आणि गावठी पुड्यासुद्धा.
३) शेवटचं जेवण, शेवटची लघवी, शेवटची दारू कधी झाली?
४) एरवी माणसाची स्मरणशक्ती कशी होती?

शुद्धीत असलेल्या मधुमेही रोग्याला गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर निजवावं. साखरेनं माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच, कारण गोळीचा अंमल पुष्कळ तास राहतो आणि साखर पुन्हा उतरते. झोपेची गोळी मनानं देऊ नये, खाटेला बांधू नये. ओळखीचं माणूस जवळ बसावं, चष्मा असेल तर लावावा, दिवा लावून ठेवावा.

१०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत गोळ्यांची पिशवी भरून तयार ठेवावी. मूळ दुखणं वेळेवर सापडलं तर पुष्कळ माणसं पुन्हा पहिल्यासारखी होतात. सभासदांनी हे घरातल्या सर्वांना, विशेषतः दिवसा घरी असणाऱ्या बायामाणसांना वाचून दाखवावं, ही विनंती.