भाताचे खाचर आणि त्याचा शेजार

केरळमधील कुट्टनाड हा प्रदेश समुद्रसपाटीखालच्या जमिनीत होणाऱ्या भातशेतीबद्दल प्रसिद्ध आहे. बांध घालून व पाणी उपसून तेथे भात लावला जातो. १९७३-७४ साली या प्रदेशातील आणि राज्याच्या इतरही भागांतील भातपिकावर तपकिरी तुडतुड्यांनी मोठा हल्ला केला. हिरव्या शेतांत प्रथम पिवळे आणि मग तपकिरी असे गोलाकार डाग दिसू लागले. ते पसरत एकमेकांना मिळाले आणि वणवा फिरून गेल्याप्रमाणे शेते करपली. हा कीटक भारतात पूर्वीपासून होता. परंतु भाताच्या मोठ्या शत्रूंत त्याची गणना होत नसे. एरवी दुय्यम असणारी कीड एकाएकी इतकी प्रबळ का व्हावी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना केवळ कीड पाहून भागत नाही. ती ज्या शिवारात वाढते ते सारे शिवार पाहावे लागते.

तपकिरी तुडतुडा हा जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर लांबीचा कीटक. पाण्याच्या किंचित वर, चुडाच्या बुंध्याशी राहून तो रोपाचा रस शोषतो. मादी शेकडो अंडी घालते आणि ती रोपाच्या आवरणाच्या आत रुतवून ठेवते. उष्ण हवेत एक पिढी सुमारे महिन्याभरात पुरी होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अधिक उत्पन्न देणाऱ्या बुटक्या जातींचा प्रसार झाला. त्यांच्याबरोबर नत्रखताचा वापर वाढला, चूड दाट झाले आणि पाणी असेल तेथे एकामागून एक पिके घेतली जाऊ लागली. तुडतुड्यांना दमट सावली आणि भरपूर अन्न मिळाले. त्यांच्यावर उपाय म्हणून कीटकनाशके फवारली गेली. पण रोपाच्या आतली अंडी बचावली. काही कीटकनाशकांच्या अल्प मात्रेने तर मादीची प्रजननक्षमता उलट वाढते, असे पुढील संशोधनात दिसून आले. शिवाय फवाऱ्याने तुडतुड्यांचे शत्रूही मारले गेले.

हे शत्रू थोडेथोडके नाहीत. पाण्यावरून धावत जाऊन भक्ष्य पकडणारे कोळी, चतुर आणि टाचण्या, पाण्याच्या पृष्ठभागावर वावरणारे लहान ढेकूण ही सारी परभक्षींची सेना होय. सिर्टोऱ्हायनस नावाचा एक हिरवट ढेकूण रोपाच्या आवरणात सोंड खुपसून तुडतुड्यांची अंडी शोषून घेतो. ॲनाग्रस ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या कुळातील परोपजीवी. ती तुडतुड्याच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालते, आणि त्यातून तुडतुड्याऐवजी तिचेच पिलू बाहेर पडते.

आता भातकापणीनंतरचे दिवस डोळ्यांसमोर आणावेत. खाचर रिकामे होते. तपकिरी तुडतुड्याचे जीवन भातावरच अवलंबून असल्याने तो नाहीसा होतो किंवा वाऱ्याबरोबर दूर उडून जातो. मग त्याच्या अंड्यांवर जगणाऱ्या ॲनाग्रसने कोठे जावे? बांधावरच्या गवतावर तुडतुड्यांच्या दुसऱ्या काही जाती राहतात. त्यांचा भाताला उपद्रव नसतो. ॲनाग्रस त्यांच्या अंड्यांत वाढते आणि पुढील लावणी झाली की बांधावरून खाचरात उतरते. कोळीही उघड्या रानात न राहता गवताच्या व पेंढ्याच्या आसऱ्याला जातात. बांध कोरून त्याची नुसती रेघ उरवली किंवा तणनाशकाने तो उघडा केला, तर जमिनीचा एखादा हात वाढतो. पण पिकाच्या या रक्षकांचे घर मोडते.

घराइतकेच महत्त्व वेळेला आहे. इंडोनेशियातील जावा बेटावर झालेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. लावणीनंतर कीड येण्यापूर्वीच खाचरांत परभक्षींची संख्या मोठी असते, असे त्यात आढळले. खाचरातील कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर असंख्य सूक्ष्म जीव, चिलटे व त्यांच्या अळ्या पोसल्या जातात आणि आरंभीच्या दिवसांत परभक्षी त्यांच्यावर जगतात. तुडतुडे येतात तेव्हा त्यांचे शत्रू आधीच तेथे ठाण मांडून असतात. मात्र जेथे फार विस्तीर्ण क्षेत्रात एकाच वेळी लावणी होते आणि मधला कोरडा, पडीक काळ दीर्घ असतो, तेथे परभक्षींना परतण्यास उशीर लागतो. लहान खाचरे, निरनिराळ्या वेळी झालेली लावणी आणि जवळपास हिरवी जागा असलेल्या शिवारात हा विलंब कमी होतो. याच देशाने १९८६ साली भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी घातली होती, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बांधाचा उपयोग हेतुपूर्वकही करता येतो. चीन, थायलंड व व्हिएतनाममध्ये भातखाचरांच्या कडेने मधुरस देणारी फुलझाडे लावून प्रयोग करण्यात आले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. अशा शेतांत कीटकनाशकांचा वापर ७० टक्क्यांनी घटला आणि उत्पन्न ५ टक्क्यांनी वाढले. चीनमध्ये यासाठी तिळाची निवड झाली होती. तिळाच्या फुलांतील मधुरसावर ॲनाग्रसचे आयुष्य वाढते. मध्य भारतातील धानाच्या मुलखात आणि कोकणात बांधावर तूर लावण्याची रीत जुनीच आहे. तेव्हा बांधावर दुसरे पीक घेणे ही कल्पना भारतीय शेतकऱ्याला नवी नाही. कोणते पीक कोणत्या कीटकाला पोसते, एवढेच त्याने नव्याने पाहावयाचे आहे.

हा विवेक आवश्यक आहे, कारण प्रत्येक गवत उपकारक नसते. दुधावर आलेल्या दाण्यांचा रस शोषणारा गंधी ढेकूण भात निसवेपर्यंत आसपासच्या तणांवरच गुजराण करतो. जगभरातील १३२ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनातही हेच दिसले. शेताभोवतीच्या नैसर्गिक झाडोऱ्यामुळे काही ठिकाणी कीड घटली, तर काही ठिकाणी ती वाढली. म्हणून एकच नियम सर्व शिवारांना लावता येत नाही. पीक, कीड आणि तिचे शत्रू यांची प्रत्येक प्रदेशात स्वतंत्र पाहणी करावी लागते.

अशा पाहणीची सुरुवात शेतकरी स्वतः करू शकतो. आठवड्यातून एकदा खाचरात उतरून काही चूड निवडावेत, त्यांच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजावेत आणि त्यांच्याबरोबर कोळी व हिरवे ढेकूणही मोजावेत. शत्रूंची संख्या पुरेशी असेल तर फवारणीचा हात आवरता घ्यावा. मात्र एकाच्या बांधावरील कोळी शेजाऱ्याच्या खाचरातही जातो आणि एकाच्या फवाऱ्याने दोघांचेही रक्षक मरतात. त्यामुळे हा निर्णय एकट्याने घेण्यापेक्षा शेजारच्या खाचरांच्या धन्यांनी मिळून घेतलेला अधिक हितावह ठरतो.