बुरशीचें औषध व विकराची निवड

कासेच्या सुजेवर गुरांचे डॉक्टर जीं प्रतिजैविक औषधें देतात, तीं कशीं तयार होतात हें शेतकऱ्यानें जाणणें अगत्याचें आहे. पेनिसिलीन हें बुरशीपासून निघतें. १९२८ सालीं लंडन येथें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस त्याचा शोध लागला. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं त्याचा सरकारी कारखाना स्थापन झाला.

बुरशीच्या अंगीं ही घडण विकरें करितात. विकर म्हणजे विशिष्ट पदार्थावरच काम करणारें प्रथिन. पाभरीच्या ज्वारीच्या नळींतून भुईमुगाचा दाणा उतरत नाहीं, तद्वतच विकराच्या खोबणींत जो पदार्थ बसेल त्यावरच तें चालतें.

सेफालेक्सिनासारख्या औषधांसाठीं पेनिसिलीनमधील पांच अणूंचें गंधकयुक्त कडें सहा अणूंचें करावें लागतें. नुसत्या रसायनांनीं हें काम करणें खर्चाचें व उपद्रवाचें आहे. स्ट्रेप्टोमायसिस वर्गांतील एका जंतूचें विकर तें सहज करितें; परंतु त्यास पेनिसिलीन एन मानवतें, कारखान्यांत विपुल होणारें पेनिसिलीन जी जवळजवळ चालत नाहीं.

यावर शास्त्रज्ञांनीं दोन उपाय योजिले. पहिला, पदार्थ बदलण्याचा. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्या विकराचें जनुक बुरशींत घालून तिला ॲडिपिक आम्ल पुरविलें; तेव्हां तिनें विकरास मानवेल असें पेनिसिलीन केलें व त्याचें कडेंही वाढविलें. मागाहून दुसऱ्या विकरानें ती आम्लाची जोड छाटतां येते. दुसरा उपाय, विकरच बदलण्याचा. जनुकांत फेरफार करून पुष्कळ वाण करावयाचे, पेनिसिलीन जीवर कोणता अधिक चालतो तें पाहावयाचें, व निवडलेल्यांचे गुण एकत्र आणावयाचे. बियाण्याच्या निवडीचाच हा प्रकार होय. थोडक्याच ठिकाणच्या बदलांनीं विकराचें काम अनेक पटींनीं वाढलें.

परंतु असाच पालट जंतूंमध्यें आपोआपही होतो. पेनिसिलीन मोडणारें विकर कित्येक जंतूंपाशीं असतें. एकदोन फेरबदलांनीं तें नवीं सेफालोस्पोरिनेंही मोडूं लागतें. असे जंतू १९८३ सालीं जर्मनींतून नोंदले गेले. औषधाच्या गैरवापरानें दुबळे जंतू मरतात व हे चिवट वाण उरून वाढतात. तेथें निवड करणारे आपणच असतों.

याकरितां आम्ही वाचकांस आग्रहानें सांगतों कीं, (१) डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून औषध देऊं नये. (२) ठरवून दिलेली मात्रा मध्येंच सोडूं नये. (३) वेष्टनावरील मुदत संपेपर्यंत त्या जनावराचें दूध डेअरीस घालूं नये व वासरासही पाजूं नये. इतक्या खटपटीनें मिळालेलें औषध आपल्याच गोठ्यांत निकामी होऊं न देणें, हें आपल्या हातीं आहे.