श्राव्य संवादाची घडण : सई परांजपे यांची प्रसारणमाध्यमांतील कारकीर्द

सई परांजपे यांच्या कर्तृत्वाचा विचार मराठीत प्रायः नाटककार आणि चित्रपटदिग्दर्शक या दोन नात्यांनी झाला आहे. या दोहोंच्या आधीची आणि दोहोंना पायाभूत ठरलेली त्यांची नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील कारकीर्द मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली. याचे कारण उघड आहे. ग्रंथ उरतो, नाटकाची संहिता छापली जाते. प्रसारित शब्द हवेत विरतो. जुन्या फिती पुसून पुन्हा वापरणे ही तर त्या काळातील प्रसारणसंस्थांची रूढ रीत होती. परंतु जे उरले नाही त्याने पुढील लेखनाला कोणते वळण दिले, हा प्रश्न वाङ्मयीन अभ्यासाच्या दृष्टीने गौण मानता येणार नाही.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. सई परांजपे (जन्म १९३८) यांनी आपल्या कारकीर्दीचा आरंभ याच केंद्रावर निवेदिका म्हणून केला आणि लवकरच त्या मुलांच्या कार्यक्रमांकडे वळल्या. 'मुलांचा मेवा' हा त्यांचा परीकथासंग्रह वयाच्या आठव्या वर्षीच प्रसिद्ध झाला होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. कथा लिहिणारी ही लेखिका आता कथा ऐकवू लागली. बालश्रोता हा सर्वांत निष्ठुर श्रोता असतो. वाक्य लांबले की तो उठून जातो. पात्राचे वय, स्वभाव आणि मनःस्थिती केवळ बोलण्याच्या ढंगातून उभी करण्याची शिस्त या माध्यमाने लेखकावर लादली. 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप' यांसारख्या त्यांच्या बालनाट्यांतील चटपटीत संवाद या शिस्तीशी नाते सांगतात.

१९६३ साली राष्ट्रीय नाट्यविद्यालयातील शिक्षण पूर्ण झाल्यावर त्या पुढे दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्रात निर्मात्या झाल्या. १९७६ पर्यंत दूरचित्रवाणी हे आकाशवाणीचेच अंग होते, त्यामुळे हा बदल वाटतो तितका मोठा नव्हता. 'द लिटल टी शॉप' (१९७२) या त्यांच्या दूरचित्रपटाला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मितीही त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

याहून महत्त्वाचे दोन दूरचित्रपट म्हणजे 'रैना बीती' आणि 'धुआँ धुआँ'. पहिल्यातून 'स्पर्श' (१९८०), तर दुसऱ्यातून 'चश्मेबद्दूर' (१९८१) हा चित्रपट आकारास आला. 'स्पर्श'ची रचना या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. अंधशाळेचा प्राचार्य अनिरुद्ध याला कविता प्रथम भेटते ती गाण्याच्या स्वरातून. पुढे एका मेजवानीत तो तिला ओळखतो तेही आवाजावरूनच. तिच्या सौंदर्याची त्याची कल्पना गंध, स्वर आणि स्पर्श यांनी घडलेली आहे. नायक-नायिकेची दृष्टादृष्ट हा प्रेमकथेचा पारंपरिक आरंभबिंदू येथे संभवतच नाही. दृश्यमाध्यमातील कथेचा भार ध्वनीवर सोपविण्याचे हे धाडस नभोवाणीत मुरलेल्या लेखिकेलाच सुचावे, असे म्हणता येईल. संघर्षही शब्दाभोवतीच फिरतो. 'बिचारा' या एका शब्दाला अनिरुद्धची हरकत आहे, आणि त्या शब्दामागील कणव हाच दोघांमधील खरा अडसर ठरतो.

'चश्मेबद्दूर'चा विनोद वरवर निराळा भासतो; पण तेथेही दोन मित्र आपापल्या फजितीची विजयगाथा करून सांगतात आणि पडद्यावर दिसते ते त्यांचे सांगणे. स. ग. साठ्ये यांच्या नाटकावर आधारलेल्या 'कथा'चा (१९८३) आरंभ आजीने सांगितलेल्या ससा-कासवाच्या गोष्टीने होतो, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

या यशानंतर लेखिकेने छोट्या पडद्याकडे पाठ फिरविली नाही. 'अडोस पडोस' (१९८४) आणि 'छोटे बडे' (१९८५) या मालिका चित्रपटांतील कीर्तीनंतरच्या आहेत. समीक्षकांनी लावलेली माध्यमांची उतरंड तिला स्वतःला मान्य नसावी. 'सय' (२०१६) या आत्मपर ग्रंथातील निवेदनही लिहिल्यापेक्षा सांगितल्यासारखे वाटते, ते याच सवयीमुळे.