घरीं बांधलेलें विमान

विमान हें मोठ्या कारखान्यांतच तयार व्हावयाचें, अशी आपली सर्वांची समजूत असते. आणि शेंकडों उतारू वाहून नेणारें प्रचंड विमान डोळ्यांपुढें ठेवलें तर ती समजूत खोटीही नाहीं. परंतु एक किंवा दोन माणसें बसतील एवढें लहान विमान आपल्या घरच्या पडवींत अथवा मोटार ठेवण्याच्या खोलींत स्वतःच्या हातांनीं जुळविणारे लोक जगांत हजारोंनीं आहेत. एकट्या अमेरिकेंत अशीं घरीं बांधलेलीं विमानें वीस हजारांहून अधिक नोंदलेलीं आहेत. यांपैकीं पुष्कळांचे भाग आतां संचाच्या रूपानें पेट्यांत भरून विकत मिळतात. आमच्या विद्यार्थी वाचकांपैकीं कित्येकांनीं पुठ्ठ्याचीं वा लांकडी विमानें जुळविलीं असतील. तेव्हां पेटी आणली कीं विमान झालें, असें त्यांस वाटण्याचा संभव आहे. पेटींतून काय येतें व काय येत नाहीं, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

ही हौस विमानविद्येइतकीच जुनी आहे. ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांनीं वेळूच्या काठ्या व रेशमी कापड यांचें एक चिमुकलें विमान १९०७ पासून १९०९ पर्यंत सुधारीत नेलें, आणि त्याच्या आराखड्यावर कसलाही हक्क राखून ठेविला नाहीं. ज्यास हवें त्यानें तें बांधावें, असा त्या उदार गृहस्थांचा बाणा होता. पुढें शिकागोचे एडवर्ड हीथ यांनीं ‘पॅरासोल’ नांवाचें एकासनी विमान रचलें व त्याचे भाग संच करून विकले. हीथ १९३१ सालीं एका नव्या विमानाची परीक्षा घेतांना मरण पावले. त्यांच्या नांवाची कंपनी पुढें दुसऱ्यांच्या हातीं गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरीं जुळवावयाच्या विद्युत्-यंत्रांच्या संचांकरितां प्रसिद्धीस आली.

परंतु या विषयाचा खरा धडा फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांच्या विमानांत आहे. मिन्ये हे हौशी गृहस्थ. नेहमींच्या विमानांत हात व पाय यांचा मेळ घालून पंखांवरील झडपा आणि सुकाणूं हीं दोन्हीं एकदम चालवावीं लागतात, तें त्यांस नीटसें साधेना. म्हणून त्यांनीं विमानच निराळें रचलें. त्यांत दोन पंख, एकामागें एक. झडपा नाहींत, पायानें चालवावयाचें कांहीं नाहीं. पुढील पंख बिजागरीवर डुले आणि हातांतील दांडा मागें ओढला कीं तो तिरपा होऊन विमानाचें नाक वर येई. हें विमान १० सप्टेंबर १९३३ रोजीं प्रथम उडालें. पुढील वर्षीं मिन्ये यांनीं तें कसें बांधावें याचें सविस्तर पुस्तक छापलें, आणि १९३५ च्या ऑगस्टांत त्यांनीं त्याच लहानशा यंत्रांतून इंग्लिश खाडी ओलांडिली. फ्रेंचांनीं त्याला ‘आकाशांतली ऊ’ म्हटलें होतें. इंग्रजांनीं तिची ‘उडती पिसू’ केली. फ्रान्स व इंग्लंड या देशांत सुतार, कारकून, मोटारदुरुस्ती करणारे, शाळेंतील मुलें असे शेंकडों लोक पुस्तक पुढें ठेवून करवत चालवूं लागले.

आणि मग माणसें मरूं लागलीं. १९३५ च्या अखेरीस व १९३६ मध्यें कित्येक पिसवा उडतां उडतां नाक खालीं करून ज्या निघाल्या, त्या दांडा पोटापर्यंत ओढला तरी वर आल्या नाहींत. बांधणारांनीं कामांत कुचराई केली असेल, असा प्रथम तर्क झाला. कांहीं ठिकाणीं तो खराही असेल. परंतु चांगल्या कारागिरीचीं यंत्रेंही त्याच रीतीनें पडलीं. तेव्हां इंग्लंडांत फार्नबरो येथें व फ्रान्सांत शाले-म्यूदों येथें पूर्ण आकाराचें विमान वाऱ्याच्या प्रचंड बोगद्यांत टांगून त्याची परीक्षा केली, आणि कारण सांपडलें. पुढील पंखाची मागची कड ही मागील पंखाच्या अगदीं जवळ होती. दांडा ओढून पुढील पंख तिरपा केला कीं ती कड आणखी खालीं येऊन दोहोंमधील फट अरुंद होई, त्या फटींतून हवा वेगानें निघून मागील पंखाची उचल वाढे, आणि शेपटी वर गेल्यामुळें नाक उलट खालीं जाई. साधें उड्डाण चालू असतां हें जाणवत नसे. पण नाक एकदां फार खालीं गेलें, कीं सुटकेसाठीं जी कृति करावयाची तीच बुडविणारी ठरे. तिला कितीही निष्णात सुतार पुरा पडला नसता. दोष लांकडांत नव्हता, खिळ्यांत नव्हता. दोष कागदावर होता आणि तो कागदावरून दिसत नव्हता. इंग्लंडांत पिसूस उड्डाणाचे परवाने देणें बंद झालें. मिन्ये यांनीं पुढें आपली रचना सुधारली व १९६५ मध्यें वारेपर्यंत ते नवीं नवीं विमानें रचीत राहिले.

या प्रकरणानें घरीं विमान बांधण्याची कल्पनाच बुडाली असती तर नवल नव्हतें. पण तसें झालें नाहीं. इंग्लंडांत १९४६ मध्यें हलक्या विमानांच्या हौशी लोकांनीं आपली संघटना काढिली. अमेरिकेंत १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी यांनीं मिल्वॉकी येथें तशीच संस्था स्थापिली, आणि १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉश या गांवीं भरतो. सरकार व हे लोक यांच्यांत एक शहाणपणाची तडजोड झाली. अमेरिकन कायदा असें म्हणतो कीं, विमानाच्या बांधणीचें निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानें शिक्षणाकरितां अथवा करमणुकीकरितां स्वतः केलें असेल, तर त्या विमानास ‘प्रायोगिक’ या वर्गांत उड्डाणाची परवानगी मिळेल. संच विकणाऱ्यानें किती भाग तयार करून द्यावयाचे, याची मर्यादा याच नियमानें पडते. ‘शिक्षणाकरितां’ हा शब्द कायद्यांत आहे याकडे आम्ही वाचकांचें मुद्दाम लक्ष वेधतों. निव्वळ स्वस्त विमान मिळावें एवढ्याच हेतूनें कायदा ही मोकळीक देत नाहीं.

नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात. आपल्या मुंबईंत वैमानिक अमोल यादव यांनीं कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. त्यांनीं संच आणला नव्हता, रचनाही त्यांचीच. २०१६ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या औद्योगिक प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें. परंतु त्याची सरकारदप्तरीं नोंद २०१७ मध्यें व उड्डाणाचा परवाना २०१९ मध्यें झाला. गच्चीवरून विमान खालीं उतरविण्यास यारी पुरली. कागद हलविण्यास मात्र वर्षें लागलीं, असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

आतां पेटी उघडूं. लांकूड व कापड यांचे संच अजून मिळतात, तंतुमय पदार्थांचेही मिळतात; पण सर्वांत अधिक खप धातूच्या संचांचा आहे. अमेरिकेंतील ओरेगन प्रांताचे रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हन यांनीं १९७३ मध्यें काढलेल्या कारखान्याच्या आराखड्यांवरून दहा हजारांहून अधिक विमानें उडालीं आहेत. पेटींत निघतो तो मुख्यतः अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा. हा ॲल्युमिनियमचा खरा, पण त्यांत सुमारें चार टक्के तांबें असून तो विशिष्ट तऱ्हेनें तापवून कठीण केलेला असतो. या पत्र्यास डाग देतां येत नाहीं, कारण ज्वाळेच्या आंचेनें ती मिळविलेली कठीणता निघून जाते. म्हणून पंखाच्या बरगड्या, मुख्य वासा आणि वरील कातडें हें सर्व रिव्हेटांनीं जोडावें लागतें. एका विमानास दहा हजारांहून अधिक रिव्हेट सहज लागतात.

एक रिव्हेट कसा बसतो पाहा. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोकांत तात्पुरत्या चिमट्या लावितात. मग पत्रे पुन्हां सोडवून प्रत्येक भोकाची कड दोन्हीं बाजूंनीं साफ करितात. गिरमिटानें उठलेला बारीकसा कंगोरा बोटालाही लागतां कामा नये. नंतर सव्वातीन मिलिमीटर जाडीचा रिव्हेट घालून एका बाजूनें हवेची हातोडी चालवितात व दुसऱ्या बाजूस सोबत्यानें पोलादी ठोकळा दाबून धरावयाचा असतो. मागें जें डोकें तयार होतें, तें रिव्हेटाच्या जाडीच्या दीडपट रुंद व निम्में उंच असावें. जास्त ठोकलें तर तें चपटें होऊन तडकतें, कमी ठोकलें तर ढिलें राहतें. बिघडलेला रिव्हेट काढून टाकावयाचा म्हणजे त्याच भोकांत पुन्हां गिरमिट घालावें लागतें, आणि हात थोडा चळला कीं भोक मोठें होतें.

एवढी चिकित्सा कशासाठीं? लोखंडी तार आपण हातानें तोडतों ती ओढून नव्हे, तर मागें-पुढें वांकवून. पंखही प्रत्येक झुळकेसरशीं किंचित् वांकत असतो. गुळगुळीत पत्रा हें लक्षावधि वेळां सोसतो. पण भोकाच्या कडेवर कंगोरा किंवा ओरखडा असला कीं सर्व ताण तेथें एकवटतो, तेथूनच केसासारखी चीर निघते व वर्षानुवर्षें सरकत जाते. याचा पुरावा अगदीं अलीकडला आहे. वर सांगितलेल्या कारखान्यानें कांहीं काळ बाहेरच्या पुरवठादाराकडून लेझर किरणांनीं भोकें पाडून घेतलीं होतीं. अशा भोकांच्या कांठांस पुढील कामांत चिरा पडतात, असें बांधणारांच्या दृष्टीस आलें. बदली भाग पुरविण्याचा बोजा इतका झाला कीं, इतर कारणांबरोबर तेंही एक होऊन २०२३ च्या डिसेंबरांत कारखान्यास दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. २०२४ मध्यें तो त्यांतून सांवरला. अनेक घरांतील अर्धवट पंखांचें काम या एका भोकापायीं थबकलें.

सर्व काम मिळून दीड ते दोन हजार तास लागतात. आठवड्यास दहा तास दिले तर तीन-चार वर्षें झालीं. अर्धवट सोडलेले संच विकावयास निघतात याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

विमान उभें झाल्यावर त्यास तोलावें लागतें, आणि येथें आमच्या वाचकांना शाळेंत शिकविलेला तरफेचा नियम उपयोगीं पडतो. समजा, मागील दोन चाकांखालीं मिळून ४०० किलो व पुढील चाकाखालीं ८० किलो भरले. नाकापासून त्यांचीं अंतरें अनुक्रमें २.९ व १.४ मीटर आहेत. वजनास अंतरानें गुणून बेरीज केली तर ११६० अधिक ११२ म्हणजे १२७२ येतात. त्यांस एकंदर ४८० नीं भागलें कीं गुरुत्वमध्य २.६५ मीटरवर निघतो. आतां ३.७ मीटरवर ३० किलोचें सामान ठेवा. १३८३ भागिलें ५१० म्हणजे २.७१ मीटर, मध्य सहा सेंटिमीटर मागें गेला. या लहान विमानांत त्याची मुभा थोड्याशा सेंटिमीटरांचीच असते. मध्य फार मागें गेला तर नाक आपोआप वर जाऊं पाहतें व शेपटीस तें सांवरतां येत नाहीं. म्हणून हें गणित रिकामें, भरलेलें, पेट्रोल संपत आलेलें, अशा प्रत्येक स्थितीसाठीं करून ठेवावें लागतें.

पंख किती सोसेल याची परीक्षा रचनाकारानें आधींच केलेली असते. साध्या वर्गाच्या विमानाचे पंख त्याच्या वजनाच्या ३.८ पट भारानें कायमचे वांकूं नयेत व त्याच्याही दीडपट भारापर्यंत मोडूं नयेत, असा दंडक आहे. पंख उलटा टांगून त्यावर वाळूचीं पोतीं रचून हें पाहातात. पेट्रोलाची परीक्षा मात्र बांधणारानें करावयाची. टाकी उंच असून पेट्रोल नुसत्या उतारानें येत असेल, तर नाक चढणीच्या कोनांत वर उचलून नळी इंजिनापाशीं सोडावयाची, आणि पूर्ण जोरास जितकें लागतें त्याच्या दीडपट पेट्रोल पडतें कीं नाहीं तें घड्याळ लावून मोजावयाचें.

यानंतर सरकारी तपासणीस येतो, कागदपत्रें व विमान पाहतो आणि परवानगी देतो. तरी पहिले २५ वा ४० तास सामान्यतः दाट वस्तीपासून दूर ठरवून दिलेल्या भागांतच उडावें लागतें, व प्रवासी बसवितां येत नाहीं. त्या तासांत वैमानिक एकेक वेग, एकेक वळण वहीत टिपीत जातो. पुढें प्रवासी बसला तरी त्याच्या डोळ्यांसमोर एक इशारा चिकटविलेला असतो: हें विमान हौशी माणसानें बांधलें असून नेहमींच्या विमानांचे सुरक्षिततेचे नियम यास लागू नाहींत.

विमानावर एक न जळणारी धातूची पाटी असावी लागते. तीवर निर्माता म्हणून संच विकणाऱ्या कारखान्याचें नांव येत नाहीं, बांधणाऱ्याचें येतें. त्यास आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखलाही मागतां येतो. विमान विकलें तर पाटी त्याबरोबर जाते. दाखला मात्र बांधणाऱ्याकडेच राहतो, विकत घेणाऱ्यास तो मिळत नाहीं.