ईपीएबीएक्स उठत नाही तेव्हा...

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा कानाडोळा करा. पण विषय आपल्या ई अँड टीसीचा आहे, आणि व्हायव्हाला उपयोगी पडेल असा आहे.

मे २०२५ मध्ये मी मामांकडे गेले होते. तालुक्याच्या गावी त्यांचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे. रात्री वळवाचा पाऊस झाला, विजा काय कडाडत होत्या! सकाळी बघतो तर सगळे इंटरकॉम मुके. रूममधून नर्सिंग स्टेशनला फोन लागेना, सिस्टर जिने चढून-उतरून हैराण. शहरातला टेक्निशियन फोनवरूनच म्हणाला, "मदरबोर्ड उडाला असणार, नवीन सिस्टीम घ्या." मामांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, तीन वर्षं काय शिकतेस तिथे? बघ की जरा."

ईपीएबीएक्स म्हणजे तसा एक कॉम्प्युटरच. आत एसएमपीएस, सीपीयू कार्ड, आणि स्लॉटमध्ये एक्स्टेन्शनची व ट्रंकची कार्डं. ट्रंक म्हणजे बाहेरून येणारी लाइन. (फोनची घंटी वाजताना लाइनवर साधारण ७५ व्होल्ट एसी असतो, उगाच हात लावून बघू नका. मी बघितलाय.)

पॉवरचा दिवा लागत होता. रनचा दिवा तीन-चारदा लुकलुकायचा, विझायचा, रिले टक् करायचे आणि परत पहिल्यापासून. म्हणजे पेशंट मेलेला नव्हता, सारखा रीसेट होत होता. हा फरक फार महत्त्वाचा! सीपीयू खरंच उडाला असता तर दिवा लुकलुकलाच नसता. मग रीसेट कोण करतंय? मल्टीमीटर लावला. लॉजिकचे ५ व्होल्ट असायला हवेत तिथे ४.३. व्होल्टेज एवढं उतरलं की सीपीयूला रीसेटमध्ये धरून ठेवणारी सर्किट असते, ती आपलं काम चोख करत होती.

आता प्रश्न असा, की एसएमपीएस दमलाय, की कुणीतरी त्याचं रक्त पितंय? पॉवर बंद केली, सीपीयू सोडून सगळी कार्डं काढली, परत चालू केलं. ५.०५ व्होल्ट, आणि रनचा दिवा एका लयीत! एसएमपीएस निर्दोष. मग एकेक कार्ड परत लावत गेले. दर वेळी पॉवर बंद करूनच हं, चालू सिस्टीममध्ये कार्ड खुपसू नये. चौथं कार्ड पहिलं ट्रंक कार्ड. ते लावताच पुन्हा ४.३. बंद करून त्यावरच्या आयसीला बोट लावलं तर चटकाच बसला.

ट्रंक कार्डच का गेलं? त्याची तार खांबावरून येते. भिंतीवरच्या डब्यात सर्ज प्रोटेक्टर होते, पण ते विजेचा झटका अर्थिंगमध्ये सोडतात, आणि अर्थिंगची तार रंगकामाच्या वेळी काढलेली ती तशीच लोंबकळत होती. मग झटका जाणार कुठे? कार्डात. दोन्ही लाइन दुसऱ्या ट्रंक कार्डावर घेतल्या, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग जोडून घेतलं, सिस्टीम उठली.

आणि इथे माझी चूक. सीपीयू कार्डावर मेमरी जगवणारी ३.६ व्होल्टची बॅटरी असते. तिच्या कडेला हिरवट पावडर आलेली मला सुरुवातीलाच दिसली होती, पण घाईत सोडून दिली. इन्व्हर्टरमुळे हा डबा कित्येक वर्षांत बंदच पडला नव्हता. मी पॉवर बंद केली आणि सगळं प्रोग्रामिंग पुसलं गेलं! रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा असतो; आधी तसे तीन बाहेरून जोडले असते तर मेमरी वाचली असती.

नशीब, रिसेप्शनच्या मावशींनी सगळे नंबर एका वहीत लिहून ठेवले होते. त्या वाचून दाखवत होत्या, मी फोनवरून कोड दाबत होते. बावीस एक्स्टेन्शन, रात्रीचे दहा वाजले. मामा म्हणाले, "झालं ना? जेवून घे आता."

साडेदहाला रूम सहामधल्या आजोबांनी पाणी मागितलं आणि सिस्टर धावत रूम सातमध्ये गेल्या. २०६ आणि २०७ मी उलटे टाकले होते. हात धुवून पुन्हा कोड दाबायला बसले.